मृणालताई गोरे: डॉक्टरकी अर्ध्यावर सोडलेल्या आमदाराने आरोग्यासाठी काय केलं?

आरेरोड (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर चांगलीच जुंपली. निमित्त आरोग्य शिबिराचं. रक्तदाब, साखर, चष्म्याचा नंबर, आणि या सगळ्याहून मोठा फलक. त्यात एकाने पिल्लू सोडलं की आमदार डॉक्टरच असला पाहिजे, निदान आरोग्यातलं कळतं तरी. पटापट अंगठे पडले.

मला काही ते पटलं नाही. ग्रुपवर लांब लिहिलं तर कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितो.

गोरेगावात राममंदिर रोडजवळच्या उड्डाणपुलाला मृणालताई गोरे यांचं नाव आहे. तिशीच्या आतल्यांना तेवढंच माहीत. त्यांच्या आईवडिलांना 'पाणीवाली बाई' आठवते. आजीआजोबांना महागाईविरुद्धचा लाटणं मोर्चा. पण या बाई मुळात डॉक्टर व्हायला निघाल्या होत्या, हे फारसं कोणी सांगत नाही.

जन्म १९२८चा, माहेरच्या मोहिले. हुशार मुलगी, वैद्यकीय शिक्षण चालू होतं. राष्ट्र सेवा दलाच्या कामात शिरल्या आणि शिक्षण सोडून दिलं. त्या काळात मुलीने हातात आलेली डॉक्टरकी सोडायची म्हणजे घरात काय रणकंदन झालं असेल ते ज्याचं त्याने समजून घ्यावं. १९४८ला केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न, तेही आंतरजातीय, आणि बिऱ्हाड गोरेगावात. गोरेगाव तेव्हा मुंबई महापालिकेत नव्हतंच, ते आलं १९५७ला. बाईंनी तिथल्या बायकांमध्ये काम सुरू केलं, कुटुंबनियोजनाचं केंद्र काढलं. हे ज्या काळात केलं त्या काळात हा विषय बायका एकमेकींशीसुद्धा दबक्या आवाजात बोलायच्या. १९५८ला बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. १९६१ला त्या नगरसेविका झाल्या आणि पाण्याच्या मागे लागल्या. पटकी, टायफॉइड, कावीळ ही दुखणी कशातून येतात हे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नसणार.

१९७२ला विधानसभा. १९७७ला उत्तर मुंबईतून लोकसभा. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा तेव्हाचीच, दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिरा गांधी. मोरारजींनी आरोग्य खातं देऊ केलं होतं आणि यांनी नको म्हटलं, असं सांगतात. १९८५ला पुन्हा विधानसभेत.

आता खरा मुद्दा. गर्भजल तपासणी आपल्याकडे आली ती बाळात काही जन्मजात दोष आहे का हे बघायला. तिचा उपयोग मुलगी आहे का हे बघायला व्हायला लागला. १९७८ला केंद्राने सरकारी रुग्णालयांत असल्या वापराला बंदी केली. परिणाम काय, तर सगळा धंदा खाजगी दवाखान्यांत गेला आणि फोफावला. 'आत्ता पाचशे खर्च करा, पुढचे हजारो वाचवा' अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत होत्या. पुढचे हजारो म्हणजे हुंड्याचे, हे सांगायची गरजच नव्हती.

१९८५-८६च्या सुमारास मुंबईत स्त्री संघटना, काही डॉक्टर, लोकविज्ञानवाले यांनी मिळून याविरुद्ध मोहीम उघडली. राज्य सरकारने डॉ. संजीव कुलकर्णी यांच्याकडून पाहणी करून घेतली. मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं, त्यांतले ४२ जण लिंग कळावं म्हणून ही तपासणी करत होते. म्हणजे ८४ टक्के. हे कोणी लपवाछपवी करून केलेलं काम नव्हतं, कारण तेव्हा ते बेकायदा नव्हतं.

विधानसभेत मृणालताईंनी यावर अशासकीय विधेयक आणलं. विरोधी पक्षातल्या आमदाराचं विधेयक जसंच्या तसं पास होत नाही, हे लहान पोरालाही माहीत. पण त्या विधेयकाने सरकारला भूमिका घ्यायला लावली. शेवटी सरकारने स्वतःचं विधेयक आणलं आणि १९८८ला महाराष्ट्रात कायदा झाला. देशात पहिला. त्यावरूनच पुढे १९९४चा केंद्राचा कायदा आला. आज प्रत्येक सोनोग्राफी सेंटरवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी असते, तिचं मूळ त्या विधेयकात आहे.

एकही शिबिर न भरवता, एकही रुग्णवाहिका फोटोसकट न वाटता. १९८८-८९ला त्या विरोधी पक्षनेत्याही होत्या.

माझं म्हणणं एवढंच की आमदाराचं आरोग्यातलं काम सभागृहात मोजावं. मांडवात नव्हे. तुमचं काय म्हणणं? मुंबईतली आणखी उदाहरणं माहीत असतील तर टाका.

---

खडूस_आजोबा

धागा आवडला. पण बाईंना डॉक्टरकीत घुसवण्याची धडपड कशाला? त्या समाजवादी कार्यकर्त्या होत्या, बस्स. पहिल्या एकदोन वर्षांच्या वैद्यकीय शिक्षणाने कोणी कायदा करत नाही.

---

आरेरोड

आजोबा, मीही तेच म्हणतोय. पदवी नसताना केलं. मात्र त्यांना डॉक्टर मंडळींची भीती वाटत नव्हती, हे नक्की. अशा विषयावर डॉक्टर उठून म्हणतात 'तुम्हाला यातलं कळत नाही', आणि भले भले आमदार खाली बसतात.

---

कॅथेटर

मी रेडिओलॉजिस्ट आहे, उपनगरात. कायद्याचं कौतुक वाचलं. आता आमच्या खोलीत काय चालतं तेही वाचा.

गरोदर बाई सोनोग्राफीला आली की आधी एफ फॉर्म. नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, मुलं किती, त्यांत मुलगे किती मुली किती, कोणी पाठवलं, कशासाठी पाठवलं. बाईची सही किंवा अंगठा, माझी सही. मशीनची नोंदणी, ते हलवायचं तर परवानगी, विकायचं तर परवानगी. दर महिन्याला अहवाल. तपासणीला माणसं आली आणि एखादा रकाना कोरा सापडला तर मशीनला सील. मुलगा की मुलगी हा शब्दही ज्याने उच्चारला नाही तो कोर्टात खेपा घालतोय, आणि ज्याचा धंदाच तो आहे तो पोर्टेबल मशीन गाडीत टाकून गावोगाव फिरतोय.

आमच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. ३ मे २०१९ला निकाल लागला, आमच्या विरुद्ध. न्यायालयाचं म्हणणं, फॉर्म न भरणं ही कारकुनी चूक नाही, तो फॉर्म हाच या कायद्याचा कणा आहे.

---

नीरा_वाघोली

कॅथेटर, त्रास मान्य. पण कोर्टाचं म्हणणं मला बरोबर वाटतं. त्या खोलीत तीनच जण: तुम्ही, बाई, आणि फार तर तिची सासू. तिघांपैकी कोणीही तक्रार करणार नाही. मग पुरावा म्हणून कागदाशिवाय उरतं काय?

धागाकर्त्यांनी एक भाग गाळलाय. १९८८चा कायदा बराच लेचापेचा होता. सामान्य माणसाला किंवा संघटनेला थेट कोर्टात जाता येत नव्हतं, सरकारने नेमलेल्या समितीच्या दारातून जावं लागायचं. आणि समिती कधी बसणार? ज्या संघटनांनी कायद्यासाठी जीव काढला त्यांनीच लगेच या त्रुटी दाखवल्या होत्या. केंद्राचा कायदा १९९४ला झाला, लागू झाला १ जानेवारी १९९६ला, आणि पुढे वर्षानुवर्षं कागदावर. २०००मध्ये मुंबईची सेहत, पुण्याकडची मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे राज्यं हलली. २००३ला दुरुस्ती होऊन गर्भधारणेआधीची निवडही कायद्यात आली.

आकडेसुद्धा बघा. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली: १९९१ला ९४६, २००१ला ९१३, २०११ला ८९४. देशातला पहिला कायदा आपला, आणि त्यानंतरची वीस वर्षं आकडा उतरतच गेला.

---

आरेरोड

नीराताई, हे आकडे मुद्दाम टाळले नव्हते, पण बरं झालं तुम्ही दिलेत. ते अवघड आहेत. कायदा नसता तर आकडा कुठे गेला असता हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून मी तो आधार घेणार नाही. पण २०००मध्ये कोर्टात जायला हातात कायदा होता. नसता तर याचिकेत मागणार काय होते?

---

नीरा_वाघोली

हे मात्र कबूल.

---

डिलाईलरोड

आमच्या गिरणगावातून एक भर घालतो. सभागृहात मोजायचं म्हणता, तर १९२९ला मोजा.

बायका गिरण्यांत काम करायच्या. वाइंडिंग, रीलिंग खात्यांत त्याच जास्त. दिवस भरेपर्यंत खात्यात उभ्या, आणि बाळंत झाल्या की पगार बंद. काही जणी म्हणून लवकर परत यायच्या. तान्हं पोर घरी, अफूची गोळी देऊन झोपवलेलं. ही बाळगोळी माझ्या पणजीच्या तोंडून घरात ऐकलेली गोष्ट आहे, पुस्तकातली नाही.

मुंबई विधिमंडळात रा. सा. आसवले यांनी प्रसूती लाभाचं विधेयक आणलं. त्यावर जुलै १९२८मध्ये बाबासाहेब आंबेडकर बोलले. ते १९२७पासून त्या सभागृहात नेमलेले सदस्य होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात सगळ्या समाजाचं हित आहे, तेव्हा त्याचा भार सरकारने उचलायला हवा. पण बाईच्या कष्टावर नफा कमावणाऱ्या मालकालाही यातून पूर्ण मोकळं सोडता येणार नाही. १९२९ला कायदा झाला. देशातला असा पहिला. १९६१चा केंद्राचा कायदा त्यानंतर बत्तीस वर्षांनी, आणि आज आयटीतल्या पोरींना २६ आठवडे मिळतात ते २०१७च्या दुरुस्तीमुळे.

आसवलेही डॉक्टर नव्हते, आणि बाबासाहेबांची डॉक्टरकी वेगळी!

अवांतर: १९३८ला संततिनियमनाचा ठरावही बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी विधानसभेत मांडला होता. दणकून पडला. मुंबईत र. धों. कर्व्यांचं केंद्र १९२१पासून चालू होतं, तरी सभागृह तयार नव्हतं.

---

वेलांटी

डिलाईलरोड, काय प्रतिसाद आहे! बाळगोळीवर वेगळा धागा काढा.

---

पन्नालाल_टेरेस

सगळे डॉक्टर नसलेल्यांचीच आरती करताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

डॉ. जीवराज मेहता. परळचं केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेलं जी. एस. मेडिकल कॉलेज यांचे पहिले डीन. १९२५-२६ला ती संस्था उभी राहिली तेव्हा देणगीदारांची अट होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत, कारण सरकारी कॉलेजात मोठ्या जागा गोऱ्यांना जायच्या. अशा संस्थेची पहिली जवळजवळ सतरा वर्षं या माणसाने सांभाळली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात मंत्री, अर्थखातं सांभाळलं, आणि १ मे १९६०ला गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. ज्या दिवशी आपण महाराष्ट्र दिन साजरा करतो त्याच दिवशी परळच्या इस्पितळाचा माजी डीन शेजारच्या राज्याचा मुख्यमंत्री झाला.

दुसरे डॉ. गिल्डर. हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर, १९३७च्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री, दारूबंदीही त्यांच्याकडेच. १ ऑगस्ट १९३९ला मुंबईत दारूबंदी आली. स्वतः पारशी, आणि दारूच्या दुकानांत पैसा गुंतलेला बराचसा पारशांचा. घरच्यांचेच शिव्याशाप खाल्ले. पुढे आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींच्या तब्येतीकडे बघायला हेच होते.

तेव्हा डॉक्टर आमदार म्हणजे नुसता फलक, असं नाही.

---

खडूस_आजोबा

दारूबंदीने मुंबईला आरोग्य दिलं की हातभट्टी, यावर आमच्या पिढीला विचारा. गिल्डरसाहेबांचा हेतू चांगला, एवढंच म्हणतो.

---

गिरणीचा_भोंगा

डॉक्टर आमदार म्हणताय आणि डॉ. दत्ता सामंतांचं नाव अजून कोणी घेतलं नाही? कमाल आहे.

घाटकोपरला दवाखाना. पेशंट कोण, तर खाणीत दगड फोडणारे. त्यांची दुखणी औषधाने बरी होणारी नव्हती. धूळ छातीत, सुरुंगाने बोटं गेलेली, मजुरी तुटपुंजी. डॉक्टरने आधी त्यांची युनियन बांधली, मग आमदार झाले. पुढचं सगळ्यांना ठाऊक. १८ जानेवारी १९८२चा गिरणी संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, १९८४ला इंदिरा लाटेत अपक्ष खासदार, आणि १६ जानेवारी १९९७ला पवईत गोळ्या घालून खून.

संपाबद्दल दोन मतं असू शकतात, आमच्या घरातच आहेत. काका अजून त्यांचं नाव काढलं की ताटावरून उठतो. पण आरोग्याचा एक धागा त्यात आहे. गिरणी कामगाराला ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, होतं. परळचं महात्मा गांधी रुग्णालय म्हणजे आपलं घरचं, अशी भावना. नोकरी गेली की विमा गेला. एका रात्रीत नाही, पण गेला. मग तोच माणूस केईएमच्या ओपीडीच्या रांगेत. गिरण्या बंद झाल्याने पालिकेच्या इस्पितळांवर किती भार पडला, हे कधी कोणी सभागृहात विचारलं का?

---

चौथी_शीट

विचारून उपयोग काय? इथे बऱ्याच जणांना एक साधी गोष्ट माहीत नसते, म्हणून लिहितो. केईएम, सायन, नायर, कूपर ही महापालिकेची. जेजे, कामा, जीटी, सेंट जॉर्ज राज्य सरकारची. टाटा केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे. ईएसआयचं आणखी वेगळं. आमदार केईएममध्ये खाटा वाढवू शकत नाही, ते काम पालिकेचं. आणि मार्च २०२२ला नगरसेवकांची मुदत संपली तेव्हापासून बराच काळ तिथे प्रशासकच होता, म्हणजे जाब विचारायला समोर कोणी नाही. लोक मात्र सगळ्याच गोष्टी आमदाराच्या नावाने मागतात आणि आमदारही 'बघतो' म्हणतो. 'माझ्या हातात नाही' असं म्हणणारा आमदार पुढच्या वेळी पडतो.

---

टेबल_नंबर_दोन

चौथी शीट यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. मी काही वर्षं एका आमदारांच्या कार्यालयात काम केलं. कोणते ते विचारू नका, पक्षही विचारू नका.

सकाळी शटर वर जायच्या आत बाहेर माणसं असायची. निम्मी इस्पितळाची. प्रत्येकाच्या हातात तीच प्लॅस्टिकची फाईल, वर बटण असलेली. आत खर्चाचं अंदाजपत्रक, रेशन कार्डाची झेरॉक्स, आधार, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. दाखला बहुतेक वेळा मागच्या वर्षीचा. आमचं पहिलं वाक्य ठरलेलं: दाखला नवा आणा. ते ऐकून बाईंचा चेहरा पडायचा, कारण दाखल्यासाठी परत एक खाडा.

मग पत्र. लेटरहेडवर तीन ओळी, 'सदर रुग्ण माझ्या मतदारसंघातील असून आर्थिकदृष्ट्या दुर्बल आहेत, तरी सहकार्य करावे.' साहेब दिवसाला अशा गठ्ठाभर पत्रांवर सह्या करायचे, गाडीत बसल्या बसल्यासुद्धा. सही झाली की शिक्का मी मारायचो. शिक्का ठळक उमटला नाही तर लोक परत मारून मागायचे. ठळक शिक्क्याने काम होतं अशी त्यांची खात्री.

पत्राने काम व्हायचं का? कधी व्हायचं. मुख्यमंत्री सहायता निधी, महात्मा फुले जनआरोग्य योजना, ट्रस्टच्या रुग्णालयांतल्या राखीव खाटा, यातलं नेमकं काय कुठे लागू पडतं हे त्या माणसाला सांगणारं आम्हीच पहिले भेटायचो, म्हणून व्हायचं. पत्रामुळे कमी, माहितीमुळे जास्त.

आरेरोड यांच्या मुद्द्यावर: साहेबांनी मला एकदा हिशेब करायला लावला होता, की मतं कशाने मिळतात. पत्रं पहिल्या नंबरवर. सभागृहात मंत्र्यांना विचारायचे तारांकित प्रश्न यादीतच नव्हते. ते प्रश्न विचारायचे, चांगले विचारायचे. पण मतदारसंघात ते कोणाला सांगायची सोय नाही. सभागृहात लक्षवेधी सूचना लागली म्हणून कोणी हार घेऊन येत नाही.

---

सिस्टर_पांढरीफीत

टेबल नंबर दोन, तुमच्यासारखी फाईल नीट लावून पाठवणारी कार्यालयं असतात तेव्हा वॉर्डात आमचंही काम हलकं होतं. कोणीतरी लिहायला हवं होतं.

सगळे डॉक्टर-डॉक्टर करताहेत. एप्रिल २०२०मध्ये तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर नर्सचा गणवेश घालून नायरला आल्या होत्या, मूळ नर्सच त्या. काहींनी फोटोबाजी म्हटलं. मी पक्षात पडत नाही. पण त्या दिवसांत आमच्या घरचे आम्हाला दारातच उभं करत होते, सोसायटीवाले लिफ्ट वापरू देत नव्हते. गणवेशातलं आपल्यातलं कोणीतरी त्या खुर्चीवर आहे, एवढ्यानेही ड्युटीवरच्या पोरींना बरं वाटलं होतं. नंतर आमच्या रिकाम्या जागा भरल्या गेल्या का, हा प्रश्न मात्र राहतोच.

---

कॅथेटर

सिस्टर, सहमत. आणि रागाच्या भरात एक राहिलं ते लिहितो. फॉर्मवर मी कितीही चिडलो तरी 'बघा ना डॉक्टर, काय आहे' असं विचारणारे नातेवाईक पूर्वीइतके राहिले नाहीत. भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं की विषय संपतो. माझे सर सांगायचे की त्यांच्या उमेदवारीत नकार दिला तर पेशंट समोरच्या गल्लीत जायचा आणि समोरचा डॉक्टर हसायचा. कायद्याने मला 'नाही' म्हणायला आडोसा दिला, हे खरं आहे. रकाने मात्र कमी करा बुवा.

---

पन्नालाल_टेरेस

कॅथेटर, हे कोणा आमदाराला सांगितलंत का? रकाने कमी करायची सूचना. नियम बदलायचे म्हणजे केंद्राकडे जाईल, पण सुरुवात कोणीतरी करावी लागेल.

---

कॅथेटर

संघटनेने निवेदन दिलंय. निवेदनं आम्ही फार सुंदर देतो.

---

वेलांटी

धाग्यात जरा खाजगी विचारते, माफ करा. वडिलांना हृदयाचं ऑपरेशन सांगितलंय, एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात. अंदाजपत्रक बघून हातपाय गळालेत. टेबल नंबर दोन, आमदारांचं पत्र घेऊ का? ओळख काहीच नाही.

---

टेबल_नंबर_दोन

ताई, पत्रासाठी थांबू नका. धर्मादाय रुग्णालय असेल तर उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६पासून लागू आहे. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, आणखी दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. शिवाय एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत बाजूला ठेवावी लागते. हा तुमचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही, त्यामुळे ओळख नाही म्हणून संकोचू नका. तातडीचा रुग्ण असेल तर अनामत न मागता दाखल करून घ्यायचं, असंही त्यात आहे.

आधी बाबांचं रेशन कार्ड कोणत्या रंगाचं आहे ते बघा आणि तहसील कार्यालयातून या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला काढा. अंदाजपत्रकावर डॉक्टरची सही-शिक्का हवा. मग रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा आणि 'धर्मादाय खाटेसाठी अर्ज करायचाय' असंच स्पष्ट म्हणा, 'काही सवलत मिळेल का' असं विचारू नका. खाट रिकामी नाही म्हणाले तर ते लेखी मागा. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रिकाम्या खाटांची माहिती असते, ती मोबाईलवर उघडूनच जा. तरी नाही म्हणाले तर वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार. हे सगळं करताना महात्मा फुले योजनेत ते ऑपरेशन आणि ते रुग्णालय बसतं का, हेही त्याच खिडकीवर विचारून घ्या. बसत असेल तर तेच आधी करा, सोपं पडतं.

अडलं तर व्यनि करा. आणि सकाळी लवकर जा, जेवणाच्या सुट्टीनंतर समाजसेवा विभागात कोणी सापडत नाही.

---

वेलांटी

दाखला मागच्या वर्षीचाच आहे. उद्या तहसीलला जाते.